छत्तीस फोटोंचा कॅमेरा

वडीगोद्री,
१८ जानेवारी १९७७

आदरणीय तुळजाआक्कास,
धाकट्या साहेबरावचा सप्रेम जयभीम.

तुझं पत्र मिळालं. दाजींच्या गुडघ्याला उतार आहे हे वाचून बरं वाटलं. त्यांना म्हणावं, आता तरी सायकल विका. इकडे सगळं बरं आहे. ज्वारी हुरड्यावर आली आहे, थंडी काही म्हणावी तशी नाही. बेबीच्या आईचा खोकला गेला. बेबी ठीक आहे.

एक बातमी आहे. माझ्याकडे नवा कॅमेरा आला आहे. माझा नव्हे, जालन्याच्या शांतिलालचा. तोच तो, सरकीच्या व्यापाऱ्याचा मुलगा, ज्याचा फोटो मुंजीतला समजून तू हसली होतीस आणि तो निघाला फॅन्सी ड्रेसमधला. त्याच्या कुणा पाहुण्यानं हा परदेशातून आणून दिला. जपानी आहे. शांतिलालनं त्यावर दोन रोल वाया घालवले आणि कॅमेरा माझ्यापुढं आणून ठेवला. मार्चमध्ये त्याच्या भावाचं लग्न आहे, तेव्हा हा मीच चालवायचा, तोवर ठेवून घ्यायचा आणि हात बसवायचा, असं म्हणाला.

आक्का, काय वस्तू आहे म्हणून सांगू. कोटाच्या खिशात मावतो. रोल सिनेमाच्या पट्टीसारखा, दोन्ही कडांना भोकं, आणि एका रोलवर छत्तीस फोटो. आपल्या लाकडी कॅमेऱ्याला स्टँड लागतो, डोक्यावर काळं फडकं घ्यावं लागतं, आणि समोरचा माणूस फौजदारापुढं बसावं तसा बसतो. याला यातलं काही नको. आत एक बारीक सुई आहे, उजेड पुरेसा नसला की ती उठतच नाही. अंगठ्यानं दांडी ओढली की पुढचा फोटो तयार. त्या दांडीचा आवाज इतका गोड आहे की रोल नसला तरी मी ती ओढून बघतो. बेबीची आई म्हणते, "नव्या नवरीला बघावं तसं बघून राह्यले त्याच्याकडं." या वयात हे वेड बरं नव्हे, पण लागलं खरं.

खोट म्हणशील तर एकच. याच्या निगेटिव्हवर काम करता येत नाही. आपल्या मोठ्या कॅमेऱ्याची निगेटिव्ह हाताच्या पंजाएवढी असते. देवीचे वण, सुरकुत्या, डोळ्याखालचं काळं, सगळं मी पेन्सिलीनं बुजवतो, आणि कुठं पांढरं जास्त झालं तर ब्लेडच्या टोकानं खरवडून हलकं करतो. तुला ठाऊकच आहे, अंबड तालुक्यात माझं नाव आहे ते त्या पेन्सिलीपायी. स्थळाकडं पाठवायचा फोटो साहेबरावकडंच काढायचा, असं लोक म्हणतात. पण या छोट्या निगेटिव्हवर आख्खा चेहरा तुरीच्या डाळीएवढा. पेन्सिल टेकवायची कुठं? जे आहे ते तसंच राहतं.

हे सगळं मी तुला प्रत्यक्ष येऊनच सांगणार होतो. रविवारी एस.टी. स्टँडपर्यंत गेलो होतो. भोकरदनला जायचं म्हणून जालन्याची गाडी धरायची होती. गाडी आली, कंडक्टरनं दोनदा विचारलं, आणि मी हातातली पिशवी घेऊन परत घरी आलो. तुझ्यापुढं बसून मला हे बोलता आलं नसतं, म्हणून कागद घेतला. कागदावरसुद्धा बघ, अजून कॅमेऱ्याचंच पुराण लावलंय.

तू लिहिलंस की देवानंदच्या घरून त्याचे वडील संपतराव आणि मंडळी पुढच्या रविवारी आपल्या बेबीला बघायला येणार. फोटोवरच त्यांची पसंती झाली आहे, बघणं नावापुरतं, देवानंदच्या आईनं फोटो देवासारखा कोनाड्यात ठेवलाय, आणि 'पोरगी फोटोसारखीच हाय' असं तू तिला सांगितलं आहेस. ती ओळ मी पुन्हा पुन्हा काढून वाचतो आहे.

आता क्रमानं सांगतो. कॅमेरा आला तेव्हा हात बसवायचा म्हणून पहिला रोल घरातच संपवला. कोंबड्या झाल्या, दारातली बाभळ झाली. बेबीची आई दोन फोटोंनंतर तोंड फिरवून बसली, मग उरली बेबी. ती केस विंचरताना, भांडी घासताना, शेळीच्या करडाला पाला देताना, मी आपला दांडी ओढत सुटलो. रोल धुतला, वाळवला आणि भिंग घेऊन दारात उभा राहिलो. बेबीच्या डाव्या कानाखाली, जबड्याच्या कडेला एक ठिपका दिसला. निगेटिव्हमध्ये उलटं असतं, गोरं ते काळं. हा ठिपका गालापेक्षा काळा होता. मी म्हटलं औषधाचा थेंब उडाला असेल. तसं होतं कधी कधी.

पण थेंब उडाला तर एका फोटोवर उडेल. पुढच्या फोटोत बेबीनं मान वळवली होती, तर ठिपकाही वळला होता. त्याच्या पुढच्यात ती वाकली होती, तिथंही तो तिच्याबरोबर. औषधाचा थेंब माणसाच्या मागं हिंडत नाही, आक्का. आपल्या मोठ्या कॅमेऱ्यावर मी माणसाचा एकच फोटो काढतो, फार तर दोन. तिथं मला हे कधी कळलं नसतं.

आणि कळलं नव्हतंच. मला एकदम ऑक्टोबरातला फोटो आठवला, जो तू देवानंदच्या घरी दिलास तो. त्या निगेटिव्हवरसुद्धा याच जागी असाच ठिपका होता. मी तो औषधाचा डाग समजलो. ब्लेडनं खरवडला, फोटोवर कुंचला फिरवला आणि काम किती सफाईचं झालं म्हणून स्वतःवरच खूश झालो. बेबी तेव्हा पलीकडच्या खोलीत तूर निवडत होती. उठून एकदा तिच्या तोंडाकडं बघावं, हे मला सुचलं नाही. पंचवीस वर्षं डाग दिसला की हात आपोआप ब्लेडकडं जातो. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

आक्का, बेबीला कोड निघालं आहे.

लिहिलं एकदाचं. वर 'बेबी ठीक आहे' असं लिहिलंय ते खोडत नाही, कारण तेही खोटं नाही. ती खाते, पिते, काम करते, पुस्तकं वाचते. पण कानाखाली चवलीच्या नाण्याएवढा पांढरा डाग आहे, आणि कोपराच्या मागं दुसरा आता उमटतो आहे.

मी तिला हाक मारली, उजेडात बसवलं आणि केस बाजूला केले. तिला पावसाळ्यापासून ठाऊक होतं. त्या बाजूनं केस सैल सोडत होती, म्हणून आम्हाला दिसलं नाही. मी विचारलं, मग आम्हाला का सांगितलं नाहीस. ती काय म्हणाली ते तसंच लिहितो. म्हणाली, "आबा, तुम्हीच तर फोटूतून काढून टाकलं. मला वाटलं तुम्ही बघूनच काढलं. बोलायचं नसंल म्हणून मंग मी बी गप बसले."

तीन महिने माझी पोर असं समजून या घरात वावरत होती, की बापानं डाग बघितला, बापाला त्याची लाज वाटली आणि बापानं तो पुसला. मी तिला शपथेवर सांगितलं की मला ठाऊक नव्हतं. तिनं मान हलवली. पण माणसाला खरं पटलं की तो जशी मान हलवतो, तशी ती नव्हती. आता तूच सांग, पोटची पोर असं समजली तर संपतराव काय समजतील? स्थळाला फसवायला बापानंच फोटो केला, असंच म्हणतील ना? धंदाच तो माझा. आणि मधे तुझा शब्द. तुला त्याच गल्लीत राहायचं आहे, त्याच आडावर पाण्याला जायचं आहे. मला झोप नाही. जेवायला बसलो की दारात कुणी आल्यासारखं वाटतं.

बेबीच्या आईनं तोड काढली. मंडळींना दिवेलागणीला बोलवायचं, बेबीला थोडी पावडर लावायची, डावी बाजू भिंतीकडं करून बसवायचं, लग्न झालं की मग पुढचं पुढं. खरं सांगतो, मनातून मला ते पटत चाललं होतं. बेबी पीठ मळत होती. तिनं मान वर न करता सांगितलं, "मंग त्या फोटूचंच लगन लावून द्या. मी ऱ्हाते हितंच." आवाज चढवला नाही, की रडली नाही. भाकरी थापायला लागली. त्यानंतर पावडरीची गोष्ट घरात निघाली नाही.

दुसऱ्या दिवशी तिला घेऊन जालन्याला गेलो. चामडीच्या डॉक्टरांनी नीट तपासलं. हा महारोग नाही, हा लागत नाही, शिवून नाही, एका ताटात जेवून नाही, असं त्यांनी दोनदा सांगितलं. पसरेल की इथंच थांबेल ते सांगता येत नाही. मलम दिलं आहे. त्याच फेरीत ओळखीच्या स्टुडिओतून रोलमधले काही फोटो मोठे करून घेतले, कारण माझ्याकडं या छोट्या पट्टीचं यंत्र नाही.

त्यातल्या एका फोटोचं सांगायचं आहे. बेबी चुलीपुढं बसली आहे. मागं मांडणीवर घरातली ताटं उभी आहेत. आणि पलीकडं खिडकीत एक ताट आणि एक तांब्या निराळा ठेवला आहे. त्या घरात मी रोज दोन वेळा जेवतो, मला ते कधी दिसलं नव्हतं. बेबीच्या आईला विचारलं, तर ती म्हणाली मी कशाला ठेवीन. बेबीनंच आपलं ताट वेगळं काढलं होतं. तिला कुणी सांगितलं नव्हतं.

आपल्या धाकट्या चुलतीला असंच कोड होतं, तिचं ताट आजी गोठ्याच्या भिंतीला उपडं ठेवायची, तुला आठवत असेल. बेबीनं ते पाहिलेलं नाही, ती जन्मायच्या आधीच चुलती गेली. सडकेवरच्या हॉटेलात आपल्या लोकांचा कप बाहेर खुंट्याला असायचा, आणि त्या कपावरून आपल्या बानं किती भांडणं केली, तेही आपण पाहिलं आहे. तो कप गेला म्हणून आपण किती मोठं समजत होतो स्वतःला. आणि आता माझ्याच घरात माझ्या पोरीनं आपल्या हातानं आपलं ताट बाजूला केलं. मी ते उचलून मांडणीवर सगळ्यांच्यात ठेवलं. सकाळी बघतो तर परत खिडकीत. मी परत ठेवलं. चार दिवस हेच चाललं आहे.

सोबत एक फोटो पाठवतो आहे. सगळे फोटो बेबीपुढं मांडले होते. ज्यात वाऱ्यानं केस आडवे आलेत आणि डाग नीटसा दिसत नाही, असा एक मी मुद्दाम वर ठेवला होता. माझा स्वभाव काही इतक्यात जायचा नाही. तिनं तो बाजूला सारला आणि खालचा उचलला. त्यात करडानं तिचा पदर धरला आहे आणि ती तोंड वर करून हसते आहे. डाग स्वच्छ दिसतो. मी विचारलं, हाच का. म्हणाली, "ह्याच्यात मी हासून राह्यले, आबा. हाच द्या."

तर हा फोटो संपतरावांना दाखव, आणि त्याआधी देवानंदला. पहिला फोटो माझ्या हातून चुकून खोटा झाला होता, पोरीचा त्यात दोष नाही, आणि तुला यातलं काहीच ठाऊक नव्हतं, असं माझं नाव घेऊन सांग. तो फोटो कोनाड्यातून परत मागून घे. हा बघून ते यायचं म्हणाले तर दिवसाउजेडी या म्हणावं. नको म्हणाले तर त्यांच्याशी भांडू नकोस. मला वाईट वाटेल, फार वाटेल, आणि बेबी मला ते दिसू देणार नाही.

पण आक्का, ते येवोत न येवोत, रविवारी तू ये. पत्र वाचून तुझंही मन मागं सरेल की काय, याची मला संपतरावांपेक्षा जास्त धास्ती आहे, आणि इतकी पानं मी खरं तर हेच लिहायचं टाळत होतो. मी ताट मांडणीवर ठेवतो ते तिला खरं वाटत नाही. ज्या बापानं एकदा पुसलं, त्याचं तिनं का मानावं? तू आत्या आहेस. तुझं ती मानेल. भाकरी तिलाच करायला सांगीन. तू तिच्या शेजारी बस, दुसरं ताट मागू नकोस, आणि तिच्या ताटात जेव.

वाट बघतो.

तुझा भाऊ आणि बेबीचा बाप,
साहेबराव