तुमच्या बंधुराजांची सायकल

तीर्थरूप ताईंस,

तुमच्या भावजयीचा साष्टांग नमस्कार. (कंबर धरल्यामुळे तो शिवणाच्या मशीनवर बसल्या बसल्याच घातला आहे, गोड मानून घ्यावा.) पाकिटावर माझं अक्षर बघून घाबरू नका, इकडे सगळे धडधाकट आहेत. तुमचा गुडघा कसा आहे? जिना चढू नका म्हटलं तरी तुम्ही चढत असणार हे मला पक्कं माहीत आहे, तेव्हा निदान कठडा धरून चढा. माझी तब्येत उत्तम, फक्त चित्त थाऱ्यावर नाही. त्याला कारण तुमचे बंधुराज, आणि सध्या त्यांच्या जोडीला एक सायकल.

तुम्हाला ठाऊकच आहे (पण सांगितल्याशिवाय माझं गाडं पुढे सरकत नाही) की बंधुराजांना बढती मिळाली. इतकी वर्षं खांद्याला टपालाची पिशवी अडकवून खात्याच्या अवजड सायकलीवरून गावभर हिंडणारा माणूस एकदम खिडकीमागच्या खुर्चीत जाऊन बसला. डोक्यावर पंखा, हाताशी शिक्का, समोर रांग. आपण सगळ्यांनी कौतुक केलं, तुम्ही तर पेनही पाठवलंत. सुरुवातीला स्वारी खुशीत होती. मग त्यांचे पाय सुरू झाले. म्हणजे दुखत नाहीत, नुसते थांबत नाहीत. जेवताना टेबल हलतं. चहा उभ्यानं होतो, बोलता बोलता दारापर्यंत जाऊन येणं होतं, झोपेतसुद्धा पांघरूण तुडवणं चालू असतं. संध्याकाळी ते माझ्या दुकानात येतात आणि रिकाम्या पायमशीनवर बसून, दोराही न ओवता, नुसतं मशीन चालवत राहतात. गिऱ्हाइकांना वाटतं मी नवा कारागीर ठेवला. एका बाईंनी तर त्यांच्यापुढे फाटका परकर टाकून उद्या मिळेल ना म्हणून विचारलं, आणि बंधुराजांनी (लाजून की काय, कोण जाणे) हो म्हटलं. तो परकर अर्थात मलाच शिवावा लागला. मला आधी ह्या सगळ्याचं हसू यायचं. मग एकदा असंच मशीन चालवता चालवता ते रस्त्याकडे बघत होते, तेव्हा त्यांचा चेहरा पाहिला आणि हसू पळालं. ताई, हा माणूस आतून वाळत चालला होता. मला तो होता तसा परत हवा होता, इतकंच.

म्हणून वाढदिवसाला सायकल द्यायची ठरवली. खात्याच्या सायकलीसारखी ओझं वाहणारी नव्हे, चांगली, हलकी, लांब पल्ल्याची, जिला रोड बाइक म्हणतात ती. दुकान शोधून काढलं. दुकानदार म्हणजे वरून साधा माणूस, पण खाली अर्धी चड्डी आणि तीत अशा पोटऱ्या, की त्यांच्या मापाचा पायजमा शिवायचा तर घोट्यापाशी चुण्याच घालाव्या लागतील. मी मनातल्या मनात त्यांचं नाव पोटरीवाले ठेवलं. पोटरीवाल्यांनी विचारलं, सायकल शर्यतीसाठी हवी की लांबच्या फेऱ्यांसाठी? मी म्हटलं, घरातलं टेबल हलू नये म्हणून हवी. त्यांनी डोळे मिटून घेतले आणि उघडले तेव्हा सरळ सायकली दाखवायला लागले.

आता मी कुठलाही कपडा आधी उलटा करून बघते, पुढचं सगळं नंतर. तशीच सायकलही उलटी करायला गेले, तर पोटरीवाल्यांनी ती अशी झडप घालून धरली, जसं काही मी तान्हं बाळ पाय धरून उचललं होतं. टायर इतके बारीक, की मी म्हटलं ही वापरलेली दिसते, नवी दाखवा. सीट म्हणजे इस्त्रीचं टोक. कॅरिअर नाही, घंटा नाही, चिखल उडू नये म्हणून वर पत्रा नाही. स्टँडसुद्धा नाही. एवढी महागाची वस्तू आणि तिला स्वतःच्या पायावर उभं राहता येत नाही. पोटरीवाले अभिमानानं सांगत होते, की जितकं काढून टाकावं तितकी किंमत वाढते. (आमच्याही धंद्यात हल्ली असंच चाललं आहे, कापड कमी आणि शिलाई जास्त, त्यामुळे मी फार वाद घातला नाही.) मग त्यांनी एक सायकल दाखवली, काळी कुळकुळीत, एका बोटावर उचलता येणारी, आणि तिच्या सांगाड्याला म्हणे कुठे जोडच दिसत नाही. मला ते पटेना. शिवणच नसलेली वस्तू उद्या ढिली करायची झाली तर उसवणार कुठून? मी जोड दिसणारी, धातूची, निळसर राखाडी रंगाची पसंत केली. घरी आले आणि वाटलं, हिरवी बरी होती. दुसऱ्या दिवशी दुकान बंद करून हिरवी बघून आले. मग पुन्हा निळी. ह्या धांदलीत वकीलबाईंच्या कोटाला दोन्ही बाह्या डाव्या लागल्या. त्यांनी तो कोर्टात निघायच्या घाईत अंगात घातला तेव्हा कळलं. त्या अजून माझ्याशी बोलत नाहीत, पण कोट मात्र माझ्याकडेच टाकून गेल्या आहेत.

पोटरीवाले म्हणाले होते की सायकल पायाच्या मापाची हवी, आतल्या बाजूनं मापलेल्या लांबीची. हे ऐकून मला गुदगुल्याच झाल्या. माप म्हणजे आपलं घरचं काम. ऑफिसला नवी विजार शिवते असं सांगून बंधुराजांना आरशापुढे उभं केलं. त्यांचा पाय इतका थरथरत होता की टेपही नाचत होती, शेवटी एका हातानं गुडघा दाबून धरला. माप काढलं, कागदावर उतरवलं, पोटरीवाल्यांना नेऊन दिलं. आणि ताई, इथं घात झाला. माझ्या हाताला इतक्या वर्षांची सवय. शरीराचं माप मी लिहीतच नाही, शिवायचं माप लिहिते. त्यात थोडं लूजिंग, म्हणजे सैल पडावं म्हणून सोडलेलं जास्तीचं माप, आलं, धुतल्यावर आटेल म्हणून थोडं आलं, आणि खाली दुमडायला चार बोटं तर आलीच. म्हणजे पोटरीवाल्यांनी जी सायकल मागवली ती तुमच्या बंधुराजांना, ते आणखी चार बोटं वाढले असते आणि सायकल धुतल्यावर आटली असती, तर अगदी बेतशीर झाली असती.

वाढदिवशी सकाळी सायकल पुढ्यात ठेवली. बंधुराजांनी आधी दोन्ही टायर दाबून बघितले. मग तिच्यावर टांग टाकली आणि चवड्यांवर उभे राहिले, एखादा उंच भिंतीवरून पलीकडे डोकावतो तसे. छान आहे म्हणाले. मापात आहे असं खोटं सांगणारं गिऱ्हाईक मला लांबून ओळखू येतं, ते श्वास रोखून बोलतं. मी सायकल तशीच ढकलत दुकानात नेली आणि आल्टर करून द्या म्हटलं. पोटरीवाले म्हणाले, बाई, ही सायकल आहे. सीट खाली करून झाली, हँडल अलीकडे आणून झालं, तरी ते चवड्यांवरच. शेवटी पोटरीवाल्यांनी विचारलं, माप काढलं कुणी? मी लूजिंगचं सांगितलं. ते आधी स्टुलावर बसले, मग इतके हसले की मलाही बसावं लागलं. पण माणूस भला. त्यांनी एक मापानं लहान सायकल देऊन मोठी ठेवून घेतली. (निळी संपली होती, त्यामुळे अखेर हिरवीच आली.)

ही मात्र अशी बसली की कॉलर बसावी. बंधुराज निघाले, मी दारात उभी. मनात म्हटलं, आता हे दुपारपर्यंत येत नाहीत. चहा निवायच्या आत परत आले. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी बाहेर काढलीच नाही, हॉलमध्ये भिंतीला टेकवून फडक्यानं पुसत बसले, आणि पाय आपले हलतच होते. मी विचारलं, आवडली नाही का? तर म्हणाले, "गाडी फार चांगली आहे गं. पण जायचं कुठे?"

पोटरीवाल्यांना सांगितलं तर ते म्हणाले, आमच्याबरोबर पाठवा, दर रविवारी आम्ही टेकडीवर चढून परत येतो. बंधुराजांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, वर कोण राहतं? कुणी राहत नाही म्हटल्यावर त्यांचा उत्साह मावळला. मला राग आला, रडूही आलं. एवढी धडपड करून आणलेली वस्तू, आणि ती आमच्या हॉलमध्ये पाहुण्यासारखी अवघडून उभी. ताई, चूक त्यांचीही नाही. रोज सकाळी त्यांच्या हातात कुणीतरी पत्ते द्यायचं आणि ते निघायचे. नुसतं निघायचं कसं, हे त्यांना कुणी शिकवलेलंच नाही.

तर सायकल निवडण्याची हकीकत ही अशी. तब्येतीला जपा. भाऊजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमची,
भावजय

ता. क. तुमच्या पडद्यांचं कापड आणून ठेवलं आहे. रंग दुकानात वाटला त्याहून जरा गडद निघाला, पण डाग दिसणार नाहीत.

ता. क. २. आता खरं लिहिते. ह्या पत्रात तुम्हाला ठाऊक नाही असं काहीच नाही. सायकल, लूजिंग, वकीलबाई, सगळं मी तुम्हाला फोनवर सांगितलं आहे आणि तुम्ही पोट धरून हसून झाला आहात. हे पत्र ज्यांनी आणून दिलं ते आत्ता तुमच्या ओट्यापाशी उभे राहून पाणी पीत असतील. मी त्यांना म्हटलं, ताईंना एक महत्त्वाचं पत्र द्यायचं आहे, टपालात टाकलं तर वेळेवर पोचायचं नाही. (आपल्याच खात्याचा हा अपमान त्यांनी मुकाट्यानं गिळला, ह्यावरून काय ते समजा.) पत्रात काय आहे ते विचारलं नाही. पत्ता नीट घातला आहेस ना, एवढंच विचारलं. सख्ख्या बहिणीचा पत्ता, ताई. मग टायरात हवा भरली, केस विंचरले आणि सकाळी निघतो म्हणाले. पाकीट मी नीट चिकटवणारही नाही. दुसऱ्याचं पत्र ते जन्मात वाचणार नाहीत, म्हणून तर इतकं मोकळेपणानं लिहिलं.

ता. क. ३. मागणं एवढंच की उत्तर लिहा. दोन ओळी चालतील, कोरा कागदही चालेल, पण तो पाकिटात घाला, वर माझा पत्ता लिहा, आणि हे लगेच पोचलं पाहिजे असं सांगून त्यांच्या हातात द्या. पुढच्या आठवड्यात मी पुन्हा लिहीन, लिहिण्यासारखं काही नसलं तरी. ते वाटेतला पूल ओलांडून धड पोचले की नाही ह्या काळजीनं मी दुकानाच्या दारात येरझारा घालत असेन, सुईत दोरा जाणार नाही. तरीसुद्धा फोन करू नका. मी उचलणार नाही.