मागेपुढे उघडणारे वॉल्व्ह

४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझ्या मोटारसायकलच्या इंजिनाचं हेड आणि नवा कॅमशाफ्ट आज तुमच्या टीमच्या गाडीनं पाठवतोय. तुझ्या वस्तादांनी पेटी उघडण्याआधी हे वाच, नाहीतर ते मला वेड्यात काढतील.

हवा आत येण्याची जुनी वाट मी वेल्डिंगनं बुजवली आणि वरून जवळजवळ सरळ खाली उतरणारी नवी कोरली. बरेच दिवस मी तिच्यातच राहत होतो. झोपेत हवा होऊन उतरायचो आणि जिथं अडखळायचो, तिथं सकाळी कानस लावायचो. आई म्हणते, जेवतानासुद्धा मी ताटाच्या कडेवरून बोट फिरवत असतो.

दुसरा उद्योग कॅमशाफ्टचा. त्या दांड्यावरच्या उंचवट्यांनी हवेचे दोन्ही वॉल्व्ह एकदम उघडायचे असतात. मी एक उंचवटा किंचित मागे घासलाय, म्हणजे एक वॉल्व्ह जरा उशिरा उठतो. त्यानं हवा आत गिरकी घेते आणि वळणातून निघताना इंजिन हिसका देत नाही. फार वेगात मात्र दम कमी पडेल. हे जाणूनबुजून केलंय. मागच्या वर्षी तिसऱ्या वळणावर अशाच हिसक्यानं तुला फेकलं होतं.

पटलं नाही तर जुना कॅमशाफ्टही पेटीत आहे. रागावलीस तरी लोभ आटू देऊ नकोस.

तुझा,
कानस

१९ मार्च

चि. कानस यास,
अनेक आशीर्वाद.

वस्तादांनी तुझा कॅमशाफ्ट उजेडात धरून फिरवला आणि विचारलं, घासताना भावाचा हात हलला होता का. मी म्हटलं, हात स्थिर आहे, डोकं तेवढं हलतं.

सरावात सरळ रस्त्यावर सगळे मला मागे टाकून गेले. संध्याकाळी वस्ताद जुना कॅमशाफ्ट घेऊन आले आणि म्हणाले, काय ते तूच ठरव. आता खरं सांगते, पण आईला वाचून दाखवू नकोस. खांदा बरा झाला, तरी ते वळण जवळ आलं की माझी मूठ आपोआप सैल पडायची. मला वेग नको होता रे, भरवसा हवा होता. मी त्यांना म्हणाले, नवाच राहू दे.

शर्यतीच्या सकाळी धुकं होतं. पहिली झुंबड ओसरली तसे बाकीचे आवाज विरत गेले. खालून इंजिन नुसतं गुणगुणत होतं. कोणीतरी उशाशी बसून हळू आवाजात काही सांगावं, तसं. कधी कलले, कधी सरळ झाले, काही कळेना. धुक्यातून समोर सरळ रस्ता उलगडला तेव्हा ध्यानात आलं, तिसरं वळण मागे पडलंय. मी त्यातून आले होते आणि मला भीती वाटायची राहूनच गेली होती.

पाचवी आले. वस्ताद म्हणतात, वरच्या वेगात दम कमीच आहे. खरंच कमी आहे, पुढच्या वेळी बघ काही जमतं का. आणि पुढच्या शर्यतीला स्वतः ये. मी पडेन म्हणून किती दिवस घरात बसशील? प्रकृतीला जप, कानशीला थोडी सुट्टी दे.

तुझी,
ताई

२७ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आईला वाचून दाखवू नकोस म्हणालीस. पाकीट तिनंच फोडलं होतं.

 त्याच संध्याकाळी ती पहिल्यांदाच वर्कशॉपमध्ये आली आणि म्हणाली, तिच्या इंजिनात काय केलंस ते मला दाखव. मी एका मोकळ्या हेडवर कॅमशाफ्ट बसवून हातानं फिरवला. एक वॉल्व्ह खाली गेला, त्याच्या मागून दुसरा. तिनं मला बाजूला केलं आणि स्वतः फिरवत राहिली. दारातलं ऊन सरकत सरकत निघून गेलं, तरी तिचा हात थांबेना. पदराला तेल लागलेलंही तिला कळलं नाही.

पुढच्या शर्यतीला आम्ही दोघं येतोय. मी शेवटच्या रेषेसमोरच्या बाकांची चौकशी करत होतो, तर ती म्हणाली, तिथं नको. ते वळण जिथून जवळून दिसतं, तिथं बसू.

भेटीअंती बोलूच. तोवर माया असू दे.

तुझा,
कानस