पिकअपच्या पोटात कुणाचं ऑइल?

२ नोव्हेंबर, रविवार

जुनं ऑइल काढलं. नवीन घातलंच नाही! पिकअप अंगणात उपाशी उभी.

निकेशने काळं ऑइल खाली सोडलं, तेवढ्यात बाबा होडीवरचा कॅन घेऊन हजर. "हेच घाल. दाट हाय. माझी होडी यावरच चालली."

"बाबा, ती होडी. ही गाडी!" निकेश ओरडला. त्याने व्हिडिओ बघून भलतंच पातळ ऑइल आणलंय. डब्यावर लाल मोटार.

गाडी माझ्या नावावर. चालवते मी. नवऱ्याने विचारलं? सासऱ्याने विचारलं? छे!

३ नोव्हेंबर, सोमवार

बापलेक बोलत नाहीत. जेवताना बाबा मला म्हणतात, "त्याला सांग, मीठ दे." तो मांडीला मांडी लावून शेजारीच!

सासूबाई वैतागल्या – "दोन्ही तेलं आणा इकडं. दोघांच्या टाळूवर थापते!"

४ नोव्हेंबर, मंगळवार

म्हसळ्याहून केसरताईंचा फोन. सुक्या मासळीचं दुकान त्यांचं, माझं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. "गुरुवारी सुकट आली न्हाय तर दुसरीकडून घेईन गं." येते म्हटलं. येते काय, कपाळ!

गाडीचं पुस्तक पिशवीत टाकलं आणि रिक्षाने अलिबागला, कुलदीपच्या गॅरेजवर. तो म्हणाला, "वहिनी, काहीही घाला, चालतं." मी पुस्तकच पुढे केलं. त्याने वाचलं, डोकं खाजवलं, परत वाचलं. नव्या डिझेल गाडीच्या सायलेन्सरमध्ये काजळी अडवायची जाळी असते. होडीच्या ऑइलची राख तिच्यात बसते, जाळी तुंबते. कमी राखेचंच ऑइल हवं. आणि लाल मोटारवाला डबा? पेट्रोल गाडीचा!

म्हणजे दोघेही चुकले. येताना रिक्षात एकटीच हसत होते, तिसरा डबा मांडीवर घेऊन.

५ नोव्हेंबर, बुधवार

काय दिवस!

सकाळी बॉनेट उघडलं. सवयीने डिपस्टिक काढून पुसली, परत घालून बघितली – ऑइल वरच्या खुणेच्याही कितीतरी वर! रिकाम्या इंजिनात? मी ओरडलेच.

निकेश आला, मान खाली. "काल मीच घातलं. बाबांचं. म्हटलं, म्हाताऱ्याचं मन राहील."

मागून बाबा. "आरं… मी पन घातलं. तुझं. डबा तसाच पडला व्हता, बरं न्हाय वाटलं."

सासूबाई हसता हसता ओट्यावरच बसल्या. मलाही हसू, पण उद्या म्हसळा!

सगळं काढलं. फिल्टरही बदलला. मग मी माझा डबा आणला, तर दोघे एका सुरात – "हे कसलं?" रविवारपासून पहिल्यांदा बापलेक एक झाले, ते माझ्याविरुद्ध!

मी पुस्तकातलं पान मोठ्याने वाचलं. मग बाबांनी नरसाळं धरलं. निकेशने ओतलं. "सांडू नको," बाबा म्हणाले. थेट त्यालाच!

६ नोव्हेंबर, गुरुवार

सुकट पोचली. गाडी चढावाला कुरकुरली नाही. केसरताईंनी पुढच्या आठवड्याचंही सांगून ठेवलं.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

सकाळी निघताना बाबा गाडीपाशी उभे. धुतलेला शर्ट, भांग पाडलेला.

"होडी दिली विकून. दर्यात आता काय गावत न्हाय. सुकटीच्या पाट्या उचलाया येऊ का तुज्यासंगं?"

मी पुढचं दार उघडलं.