फोटोत कोळसा पांढरा दिसतो

९ जानेवारी
समोरच्या सायझिंगचा, म्हणजे सुताला खळ लावायच्या कारखान्याचा, बॉयलर पेटला की आमच्या नारपोलीच्या खोलीत कोळशाचा वास भरतो. मुलगा मितेश खिडकी लावतो, तो ड्युटीवर गेला की मी उघडतो. त्या वासाने मन चंद्रपूरकडे जातं — खाणीतून वर आल्यावर डोळ्यांवर येणारं ऊन, आणि क्वार्टरच्या दारात उभी माझी बायको, मैना.

आज चौथीतली झऱ्याची कविता म्हणायला घेतली. दुसऱ्या ओळीतच दम संपला. ओट्यापाशी पोळ्या लाटता लाटता तिसरी ओळ मैनेने म्हटली. ती शाळेत गेली नाही. सगळ्या कविता माझ्याच तोंडून ऐकलेल्या.

१३ जानेवारी
डॉक्टर उज्मा रागावली. "काका, खिडकी उघडी ठेवता म्हणे? फुफ्फुसं काय भाड्याने आणलीत?"

छातीचा फोटो दाखवला. मला वाटलं, कोळसा काळा दिसेल. तर पांढरे ठिपके! धूळ बसून आतून व्रण पडले, ते पांढरे दिसतात म्हणे. शिवाय कोळसा म्हणजे नुसता कोळसा नाही. त्यात निकेल, कॅडमियम, क्रोमियम — किंचित किंचित. "पण किंचित असलं तरी रोजचं ना, काका. आत गेलेलं सगळं कुठे बाहेर येतं?"

बरं होणार नाही. वाढू द्यायचं नाही, एवढंच हातात.

तरी संध्याकाळी खिडकी उघडलीच.

१४ जानेवारी
तिळगूळ देताना मैना खोकत बसली. फोडणीचा ठसका, म्हणाली. गॅस पेटलाच नव्हता.

२० जानेवारी
दवाखान्यात मैना सोबत आली. उज्माने सहज विचारलं, खाणीतले कपडे कोण धुवायचं?

"मीच. दुसरं कोण? आधी दारात झटकायचे, बाई. नाहीतर पाणी शाईसारखं. टँकरचं पाणी, दहादा कोण बदलेल?"

खरंच. मी खाटेवर पडून कविता म्हणायचो आणि बाहेर तिच्या झटकण्याची फटफट चालायची. मला तो ठेका वाटायचा. किती छान दिवस, असं मी कालपर्यंत म्हणत होतो.

उज्मा लिहिता लिहिता थांबली. "काकी, तुमचा पण फोटो काढूया."

"मला काय झालं? मी कुठं खाणीत उतरली होती?"

२३ जानेवारी
मैनेचा फोटो आला. माझ्याहून पांढरा.

खिडकी मीच लावली.