गीझर किती माणसांचा?

प्रिय सेनाते,

गीझरची चौकशी करून कळव, असं तू फोनवर म्हणालीस, म्हणून मोखोत्लोंगच्या बाजारात जाऊन आले. विजेचा चार हजार मालोतीला आहे. पण तो मीटरमध्ये आगाऊ पैसे भरून घेतलेली वीज बघता बघता संपवतो, असं शेजारची मा-पुलेंग सांगते. गॅसचा त्याहून स्वस्त, मात्र बर्फाने घाट बंद झाला की सिलिंडर येत नाही. सौर अठरा हजारांना. एकदा पैसे मोजले की पुढे ऊन फुकट. फक्त नळ्या गोठून फुटू नयेत म्हणून न गोठणारं पाणी भरलेलाच घ्यायचा, हे मी दुकानातल्या कागदावर दोनदा वाचलं. तुझे बाबा असते तर म्हणाले असते, "आता सूर्यालाही कामाला लावलंस का?"

त्यांच्यामागचा हा दुसरा हिवाळा. पहाटे रॉकेलच्या स्टोव्हवर पातेलं चढवायचे, कोपर बुडवून बघायचे आणि हाक मारायचे, "ऊठ गं, राणीसाहेबांचं पाणी तापलं!" आता मी किटलीच ठेवते. एकटीला पुरते. उरलेल्या पाण्यात कप धुऊन होतो.

त्यांना माती द्यायला तू आलीस तेव्हा घर माणसांनी भरलेलं, पातेलं एकच. तुझ्या खोत्सोला गार पाण्याने अंघोळ घालावी लागली, बाळाचे ओठ निळे पडले. जाताना तू म्हणालीस, "आई, गरम पाण्याची सोय झाली की येऊ." ते मी धरून बसले आहे.

दुकानदाराने विचारलं, "मा-सेनाते, आंघोळीला माणसं किती?" लग्नानंतर रीतीप्रमाणे मला तुझंच नाव मिळालं, 'सेनातेची आई', तू जन्मायच्या आधीच. दिवसभर कुणी ना कुणी ते घेतं, आणि तरी त्या वेळी, तू आलीस की काय म्हणून, मी मागे वळून पाहिलं. म्हटलं, "तीन." तो हसला, "आणि पाव मात्र अर्धाच नेता!" मग हळूच म्हणाला, "खरं सांगू, आई? एकटीला किटलीइतकं स्वस्त काही नाही. तिघं असाल तर सौर परवडेल."

बाबांच्या मेंढ्या विकून पैसे जमवले आहेत, तू एकही मालोती पाठवू नकोस. शुक्रवारी त्याला उत्तर द्यायचं आहे. मला फक्त माणसांचा आकडा कळव. एकच असेल, तरी कळव. किटली अजून चांगली आहे.

तुझीच,
मा-सेनाते