डाव्या बाजूची वर्तुळं

प्रिय चिंगे,

परवा फोनवर तू विचारलंस, गाडीचं काय करणार आहेस, आणि मी विषय बदलला. फोनवर मला धड खोटंही बोलता येत नाही आणि खरंही. म्हणून हे पत्र.

तुझे बाबा गेल्यापासून दर रविवारी मीच गाडी धुते. हसू नकोस. जन्मभर गाड्या रंगवणाऱ्या माणसाशी संसार केला, तेवढं आपसूक येतं. गाडी सावलीत घ्यायची, पत्रा हाताला गार लागेपर्यंत थांबायचं. आधी नुसतं पाणी सोडून धूळ वाहू द्यायची. मग दोन बादल्या, एक शांपूची, एक साध्या पाण्याची. हातमोजा दर वेळी साध्या पाण्यात खळबळायचा, म्हणजे खडा परत रंगावर जात नाही. आणि हात सरळ फिरवायचा, पुढून मागे. गोल फिरवला की उन्हात बारीक ओरखड्यांचं जाळं दिसतं. तू सात वर्षांची असताना स्टुलावर उभी राहून इतका सरळ हात मारायचीस की ते शेजाऱ्यांना बोलावून दाखवायचे. भांडी मात्र तू कधी धड घासली नाहीस, ते असो.

सगळी गाडी धुऊन होते, पण पुढच्या डाव्या चाकावरच्या पत्र्याला माझ्याने हात लाववत नाही. तिरपं ऊन आलं की तिथली वर्तुळं वर येतात. पाणी ओतलं की जातात, वाळलं की परत. कधी कधी वाटतं, तिथे अजून कुणीतरी घासतंय.

याच ओरखड्यांपायी नऊ वर्षांपूर्वी त्यांनी सगळ्या गल्लीदेखत तुझ्या थोबाडीत मारली. मीही म्हणाले, हात आहेत की खराटा. महिन्याभरात तू बॅग भरलीस, ती त्यांना शेवटचं बघायलाही आली नाहीस. लोक तुला नावं ठेवत होते आणि मी तोंडात मिठाची गुळणी धरून बसले होते.

आता ऐक. त्या दिवशी तू क्लासला गेली होतीस. भर दुपारी ते गाडी घेऊन आले. ज्या माणसाने कधी उन्हात गाडीवर पाण्याचा थेंब पडू दिला नाही, तो तापलेल्या पत्र्यावर बादली उपडी करून माझ्या भांड्यांच्या तारेच्या घासणीने घासत होता. गोल गोल. मी ओट्यापाशी उभी होते, खिडकीतून सगळं दिसत होतं. विचारलं तर म्हणाले, डांबर उडालंय. संध्याकाळी शेजाऱ्याने ओरखडे पाहिले आणि त्यांनी तुझं नाव पुढे केलं. चोराच्या उलट्या बोंबा. मला वाटलं, एवढा कारागीर माणूस, घासणी लावली म्हणायची लाज वाटली असेल. नवऱ्याची अब्रू राहावी म्हणून मी त्यांची री ओढली.

तिसऱ्या दिवशी कळलं, ते गाडी घासत होते त्याच दिवशी नदीकडच्या वळणावर आपल्या दूधवाल्याला कुणीतरी उडवून गेलं. दुपारपासून अंधार पडेपर्यंत तो चरात पडून होता. लगेच कुणी उचललं असतं तर वाचला असता.

मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. त्यांनी चहातलं दूध तेवढं सोडलं. दूधवाल्याची बायको रतीब घालायला लागली. तिच्या सायकलची घंटा वाजली की ते मोरीत जाऊन नळ सोडून उभे राहायचे. एका पॉलिशने ते ओरखडे गेले असते, लोकांच्या गाड्यांचे हजार वेळा काढले होते त्यांनी. तिथे बोट लावलं नाही. शेवटी शेवटी त्यांना भान नव्हतं, पण उजवा हात चादरीवर गोल फिरत असायचा. मी धरून ठेवायचे, सोडला की परत. त्या हाताची मला भीती वाटायची. आणि मी तरी कोण मोठी? नऊ वर्षं रोज त्या बाईपुढे पातेलं धरलं, तिच्या पोरींच्या शाळेची चौकशी केली.

आज सकाळी ती दूध घालून थांबली, गाडीभोवती फिरली. म्हणाली, ताई, इतकी निगा राखलेली गाडी परक्याला देऊ नका, मला द्या, माझे गुडघे आता सायकल ओढत नाहीत. आणि बोलता बोलता तिने नेमका तिथेच हात ठेवला. मी उद्या सांगते म्हणाले.

उद्या तिला घरात बसवून सगळं सांगणार आहे. मग ती पोलिसांत जावो नाहीतर माझ्या तोंडावर थुंको. माझा काही भरवसा नाही, ऐन वेळी कच खाईन, म्हणून हे पत्र आत्ताच पेटीत टाकते. तुला कळलं म्हटल्यावर मला मागे फिरता येणार नाही. पण खरं कारण वेगळं आहे. ते ओरखडे तुझे नव्हते, चिंगे. तुझ्या गालावर हात पडला तेव्हा मी दोन हातांच्या अंतरावर उभी होते, आणि मला ते माहीत होतं.

तुझीच, पण त्या संध्याकाळी तुझी न झालेली,
आई