ही पेशी कोर्टाची नव्हे

प्रिय दादा,

जयभीम. पाकीट वहिनींच्या नावानं टाकलंय, कारण माझं अक्षर दिसलं की तू न वाचताच फाडशील. तुझा राग मला काय आजचा ठाऊक आहे?

मागच्या रविवारी मी फोन केला होता. दीपच्या पेशी लय वाढल्यात रे, एवढंच बोलले, तर तू म्हणालास, वाढू दे, त्याला सांग, मी एकेका पेशीला हजर राहीन. आणि फोन कट. मी पूर्णा स्टेशनवर उभी, हातात त्याचा रिपोर्ट. आधी हसूच आलं बघ. मग बाकावर बसून रडले. परत लावला तर लागेना, माझाही नंबर ब्लॉक केलास ना? अरे, मी जिंतूरच्या कोर्टातल्या पेशीचं बोलत नव्हते. आपल्या धम्मदीपच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी वाढल्यात. रक्ताचा कॅन्सर आहे त्याला.

तुला तरी काय बोलू? अण्णांच्या त्या दोन एकरांपायी चार वर्षं आपल्या घरात पेशी म्हणजे तारीखच. दीपनं पहिल्यांदा मला फोनवर सांगितलं, ताई, पेशी वाढल्या म्हणायलेत, तेव्हा मीही पुढची तारीख कोणती म्हणून विचारलं होतं. चौदा वर्षं पोरांना पेशीचा धडा शिकवणारी मी! लाज वाटते मला त्याची.

मंगळवारी आठवीला नेमका तोच धडा आला. फळ्यावर गोल काढला. बाहेर पटल, आत कुणाला घ्यायचं ते ठरवणारं. मध्ये केंद्रक, सगळा हुकूम तिथून सुटतो. तंतुकणिका शक्ती तयार करतात, लयकारिका निकामी झालेलं पचवतात, वेळ आली तर अख्खी पेशीसुद्धा. इथवर आले आणि खडू हातातच राहिला. दीपच्या त्या पेशींच्या केंद्रकातला हुकूमच बिघडलाय. वाढा, एवढंच त्यांना कळतं. पक्व होत नाहीत, वेळेवर मरत नाहीत, जंतूंशी लढायचं काम करत नाहीत, नुसती जागा अडवून बसतात. लाल पेशी बिचाऱ्या रक्ताला जास्त प्राणवायू नेता यावा म्हणून स्वतःचं केंद्रकही टाकून देतात, आणि आता हाडांच्या मगजात, जिथं त्या तयार होतात, तिथं त्यांनाच जागा नाही. पोरं माझ्याकडे बघत होती. आकृती उतरवून घ्या म्हटलं आणि खिडकीकडे तोंड केलं.

त्याला बघशील तर ओळखणार नाहीस. येलदरीच्या धरणात दिवसभर पोहणारा आपला दीप आता जिना चढताना दोनदा बसतो. हिरड्यांतून रक्त येतं. जीभ मात्र तशीच. परवा नर्सला म्हणाला, आमच्या दादाला कळलं तर बरंच वाटंल, एक हिस्सेदार कमी. मी पाठीत धपाटाच घालणार होते, पण पाठभर काळेनिळे डाग पडलेत, हात लावायची भीती वाटते. तुला कळवायचं नाही म्हणून त्यानं मला आईची शपथ घातलीय. दादा म्हणंल, जमिनीपायी नाटक करायलाय, असं म्हणतो.

शपथ मोडून लिहिते. डॉक्टर म्हणतात, औषधानं या पेशी दबतील, पण परत उठतील. नव्या पेशी तयार करणाऱ्या मूळ पेशी बाहेरून द्याव्या लागतील, शक्यतो सख्ख्या भावंडाच्या. माझी तपासणी झाली. काल रिपोर्ट आला, दादा, माझं जुळलं नाही. आई-अण्णा गेले, आता त्याला सख्खा तू एकटाच. आधी नुसतं थोडं रक्त तपासतात. तुझंही जुळेलच असं नाही, खोटं कशाला सांगू? दावा मागे घे असं मी म्हणत नाही. माझा हिस्सा हवा तर लिहून देते. फक्त येत्या सोमवारी संभाजीनगरला ये, दवाखान्याचा पत्ता मागे लिहिलाय. तुला पत्र टाकलंय हे दीपला मी सांगितलेलं नाही. तू आला नाहीस तर सांगावंही लागणार नाही.

तुझीच,
शीला